कॅमेऱ्याची हौस आणि चित्राचा ध्यास

आजचा विषय वरवर पाहतां अगदीं लहान आहे. ज्याच्या हातीं कॅमेरा आहे त्यानें कॅमेऱ्याची चिंता अधिक वाहावी कीं काढावयाच्या चित्राची, एवढाच तो प्रश्न. उत्तर कोणासहि विचारा. 'अर्थात् चित्राची' असेंच तो सांगेल. परंतु उत्तर ठाऊक असणें निराळें आणि तें अंगीं बाणणें निराळें. आज शहरांतील बहुतेक सुशिक्षित घरांतून चित्र काढण्याचें निदान एक साधन आहेच. मोबाइल फोन तर ज्याच्या त्याच्या खिशांत आहे. शिवाय पुष्कळ घरांतून एखादा चांगला कॅमेरा, दोनतीन भिंगें आणि एक तिपाई हीं कपाटांत ठेवलेलीं असतात. आणि तरीहि वर्षाच्या अखेरीस भिंतीवर लावावें किंवा नातवंडांसाठीं जपून ठेवावें असें एकहि नवें चित्र घरांत नाहीं, ही गोष्टहि तितकीच साधारण आहे. असें कां व्हावें आणि त्यास उपाय काय, ह्याचा विचार आज आपण करूं.

मी शाळामास्तर. नोकरींत असतांना कित्येक वर्षें मुलांचा छायाचित्रणाचा एक छंदवर्ग चालवीत असें. वर्गांत येणारें जवळजवळ प्रत्येक मूल पहिल्या दिवशीं एकच प्रश्न विचारी : "सर, कोणता कॅमेरा घेऊं ?" मुलाला पोंचवावयास आलेले वडीलहि तोच प्रश्न अधिक गांभीर्यानें विचारीत. "सर, माझ्या ह्या चित्रांत काय चुकलें ?" असें विचारणारीं मुलें फार थोडीं. परंतु पुढें ज्यांचीं चित्रें पुन्हां पुन्हां पाहावींशीं वाटलीं, तीं सारीं ह्या थोड्यांपैकींच होतीं.

पहिला प्रश्न वाईट नाहीं, पण त्याचा मोह कशांत आहे तें समजून घेतलें पाहिजे. वस्तु विकत घेण्याचें फळ निश्चित असतें. पैसे दिले कीं पेटी घरीं येते. चित्राचें तसें नाहीं. पहांटे उठून नदीवर जावें, दोन तास थंडींत उभें राहावें आणि हातीं कांहींच लागूं नये, असें पुष्कळ वेळां घडतें. शिवाय चित्र दुसऱ्यास दाखविलें म्हणजे त्यावर बरेंवाईट मत ऐकावें लागतें. कॅमेरा दाखविला तर कौतुकच होतें. जेथें अपयश नाहीं तिकडे मन आपोआप वळतें. मग नव्या भिंगांचीं कोष्टकें वाचणें, दोन यंत्रांची तुलना करणें, कोणाचें कोठें कमी पडतें ह्यावर वाद घालणें, हा सर्व अभ्यासच आहे असें वाटूं लागतें. तो अभ्यास आहेहि, पण यंत्राचा, चित्राचा नव्हे. कोऱ्या वह्या आणि नवी कंपासपेटी घेऊन जूनमध्यें शाळेंत येणाऱ्या मुलाचा आनंद खरा असतो. परंतु तो आनंद म्हणजे भूमिति नव्हे.

आपल्याकडे म्हण आहे : नाचतां येईना अंगण वांकडें, रांधतां येईना ओलीं लांकडें. आजच्या हौशी माणसाची अडचण थोडी निराळी आहे. तो अंगणास नांवें ठेवून थांबत नाहीं. तो दरवर्षीं नवें अंगण विकत घेतो, आणि नाच मात्र राहून जातो.

आतां चित्र कशाकशानें बनतें आणि त्यांत यंत्राचा वांटा किती, हें थोडें हिशेबानें पाहूं.

पहिली गोष्ट आपण कोठें उभे राहतों ही. समजा, घरांतील कोणाचा चेहरा टिपावयाचा आहे. नाकाचें टोंक कानांच्या पुढें सुमारें १० सेंटिमीटर असतें असें धरूं. कॅमेरा नाकापासून ५० सेंटिमीटरवर धरला तर कान ६० सेंटिमीटरवर पडतात. जवळची वस्तु मोठी दिसते. म्हणून अशा चित्रांत नाक कानांच्या मानानें २० टक्के मोठें येतें. तोच कॅमेरा २ मीटरवर नेला तर हीं अंतरें २०० आणि २१० सेंटिमीटर होतात, आणि नाकाचें हें मोठेपण ५ टक्क्यांवर उतरतें. हात लांब करून स्वतःचें चित्र काढणाऱ्यांचीं नाकें कां फुगतात, ह्याचें कारण हेंच. बहुतेक जण दोष भिंगास देतात. वास्तविक तो अंतराचा आहे. भिंग बदलल्यानें चित्रांत किती भाग मावेल तें ठरतें. वस्तूंचें एकमेकींशीं प्रमाण कसें दिसेल, हें आपण कोठें उभे आहों त्यावर ठरतें. दोन पावलें मागें सरकावें, चेहरा लहान आला तर चित्राच्या कडा कापून घ्याव्या. ह्यास कांहीं खर्च नाहीं.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. भर दुपारीं बारा वाजतां उन्हांत उभ्या केलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, आणि तो कपाळाला आठ्या घालून उभा असतो. तोच माणूस घरांत खिडकीशेजारीं, जेथें ऊन थेट येत नाहीं अशा ठिकाणीं बसवा. एका बाजूनें येणाऱ्या मऊ उजेडांत त्याच्या चेहऱ्याची घडण दिसूं लागते, डोळ्यांत खिडकीचा बारीक ठिपका चमकतो. आपल्या घरांतील कोणत्या खिडकींत कोणत्या वेळीं कसा उजेड येतो हें ज्याला पाठ आहे, त्यानें निम्मी विद्या हस्तगत केली असें समजावें. तिसरी गोष्ट क्षणाची. आई हंसते ती कशानें, बाबा वर्तमानपत्र खालीं केव्हां ठेवतात, मूल झोपेंतून उठल्यावर प्रथम कोणाकडे पाहतें, हें ओळखणें सहवासाचें काम आहे. ह्या तिन्ही गोष्टींत यंत्राचा वांटा फार थोडा आहे.

आतां यंत्राचे आंकडे घेऊं, कारण दुकानांत आपली भेट त्यांच्याशींच होते. १ मेगापिक्सेल म्हणजे १० लक्ष बिंदु. हातांत धरून पाहावयाच्या चित्रास दर इंचामागें ३०० बिंदु असले म्हणजे छपाई उत्तम होते असें मानतात. त्या मानानें ८ इंच रुंद आणि १० इंच उंच चित्रास २,४०० गुणिलें ३,०००, म्हणजे ७२ लक्ष बिंदु लागतात. हे झाले ७.२ मेगापिक्सेल. आज २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ही कांहीं अपूर्वाईची वस्तु राहिलेली नाहीं. त्यांतून ह्याच दर्जाचें २० इंच लांब आणि १३ इंच रुंद चित्र छापतां येतें. एवढें मोठें चित्र आपल्यापैकीं कितीजणांच्या भिंतीवर आहे ? शिवाय बिंदु दुप्पट केले म्हणजे चित्र दुप्पट लांब आणि दुप्पट रुंद होत नाहीं. लांबी-रुंदी दोन्ही दुप्पट हव्या असतील तर बिंदु चौपट पाहिजेत. २४ चे ९६ झाले पाहिजेत. क्षेत्रफळाचा हा नियम सातवींतला मुलगा सांगेल, परंतु दुकानांत उभें राहिल्यावर पदवीधर गृहस्थासहि तो आठवत नाहीं.

भिंगाचेंहि असेंच आहे. ५० मिलिमीटरचें भिंग एफ १.८ चें मिळतें तसें एफ १.४ चेंहि मिळतें. भिंगाच्या नाभीय अंतरास त्याच्या उघड्या तोंडाच्या व्यासानें भागिलें म्हणजे हा आंकडा येतो. म्हणून आंकडा जितका लहान तितकें तोंड मोठें. प्रकाश व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत आंत येतो. १.८ ला १.४ नें भागून वर्ग केला तर सुमारें १.६५ येतात. म्हणजे दुसऱ्या भिंगांतून पहिल्याच्या दीडपटीहून थोडा अधिक प्रकाश मिळतो. किंमत आणि वजन मात्र त्याहून पुष्कळ वाढतें. आतां दुसरी बाजू पाहा. समोरची वस्तु स्थिर असेल, आणि आपण कोंपरें अंगाशीं टेंकून, पाठ भिंतीला लावून, श्वास हलकेच सोडतांना बटन दाबण्याची संवय केली, तर तेवढाच प्रकाश झडप थोडी अधिक वेळ उघडी ठेवून मिळवितां येतो. ही संवय पंधरा दिवसांत लागते आणि जन्मभर पुरते. हात हलला तर मात्र कितीहि मेगापिक्सेल असोत, ते हललेलेंच चित्र बारकाईनें नोंदवितात.

ह्याचा अर्थ यंत्राला किंमत नाहीं असा कोणीं घेऊं नये. दूरच्या फांदीवर बसलेला पक्षी टिपावयाचा तर लांब पल्ल्याचें भिंगच पाहिजे. जवळ जाण्यापूर्वींच तो उडून जाईल. गवतांतील नखाएवढें फूल मोठें करून दाखवावयाचें तर त्यासाठींच केलेलें भिंग हवें. नाटकाच्या मंद उजेडांत, पात्रें हालत असतांना, मोठ्या तोंडाच्या भिंगाचें मोल खरोखरच कळतें. तेथें स्थिर हाताचा उपयोग थोडा. मिरजेचा तंबोरा घरीं आणला म्हणून गळ्यांत स्वर येत नाहीं. परंतु बेसूर तंबोऱ्यावर गवयाचें चालत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. तसेंच, ज्यांना यंत्रें जमविण्याचाच आनंद आहे त्यांनीं तो अवश्य घ्यावा. जुनीं घड्याळें किंवा पोस्टाचीं तिकिटें जमविणारे रसिक असतात, तसेच हे. फक्त त्या छंदास छायाचित्रण म्हणूं नये, म्हणजे मनाची फसवणूक होत नाहीं.

मग मर्यादा कोठें घालावी ? माझी कसोटी एकच आहे. नवी वस्तु घेण्यापूर्वीं आपण स्वतः काढलेलीं दहा चित्रें समोर ठेवावीं, आणि 'हीं येथें फसलीं, व ह्या वस्तूच्या अभावींच फसलीं' असें बोट ठेवून सांगतां यावें. सांगतां आलें तर खुशाल घ्यावी. तो खर्च सत्कारणीं लागला. तशीं दहा चित्रें दाखवितां आलीं नाहींत, तर उणीव वस्तूची नसून चित्रांची आहे.

ही कसोटी कोरडी वाटूं नये म्हणून कांहीं दाखले देतों. जूलिया मार्गारेट कॅमेरन ह्या बाईंचा जन्म १८१५ मध्यें कलकत्त्यास झाला. त्या इंग्लंडांत राहत असतांना १८६३ च्या डिसेंबरांत, वयाच्या ४८ व्या वर्षीं, मुलीनें आणि जांवयानें त्यांना एक कॅमेरा भेट दिला. त्यांनीं घरच्या कोळशाच्या कोठडींत अंधारखोली केली आणि कोंबड्यांच्या खुराड्यास चित्रगृह बनविलें. त्या काळीं कांचेवर रसायन ओतून ती ओली असतांनाच चित्र घ्यावें लागे, आणि समोरच्या माणसास मिनिटें मोजीत स्थिर बसावें लागे. बाईंचीं चित्रें किंचित् अस्पष्ट येत, कांचांवर डाग राहत. जाणत्या लोकांनीं त्यावर टीका केली. त्यांनीं काम थांबविलें नाहीं. १८६५ मध्यें लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयानें, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानें, त्यांचीं चित्रें आपल्या संग्रहांत घेतलीं. चेहरा जवळजवळ प्रत्यक्षाएवढा मोठा दाखवावा ही ओढ लागल्यावर, १८६६ च्या सुमारास, त्यांनीं मोठ्या कांचांचा दुसरा कॅमेरा घेतला. चित्र आधीं मनांत आलें, यंत्र मागाहून आलें. हा क्रम लक्षांत ठेवण्यासारखा आहे. त्या मोठ्या कॅमेऱ्यानें १८६७ मध्यें टिपलेला ज्योतिर्विद् सर जॉन हर्शेल ह्यांचा वृद्ध चेहरा आजहि पाहणारास थांबवितो.

दुसरा दाखला पॅरिसचा. यूजीन आत्जे हा गृहस्थ गेल्या शतकाच्या आरंभापूर्वींपासून जुन्या पॅरिसच्या गल्ल्या, दुकानें, जिने आणि अंगणें टिपीत हिंडला. कॅमेरा लांकडी, भात्याचा, तिपाईवर ठेवावयाचा. आंत १८ गुणिलें २४ सेंटिमीटरच्या कांचा. १९२५ मध्यें हातांत मावणारा लायका कॅमेरा बाजारांत आला. पण १९२७ मध्यें मृत्यु येईपर्यंत आत्जेचें काम त्या जुन्या पेटीवरच चाललें. त्याच्या कित्येक चित्रांचे वरचे कोपरे काळे पडले आहेत, कारण भिंगाची पोंच तेथवर नव्हती. आज त्या काळ्या कोपऱ्यांबद्दल कोणी तक्रार करीत नाहीं. त्यानें टिपलेल्यांतलें पुष्कळसें पॅरिस आतां केवळ त्याच्या कांचांवरच उरलें आहे.

तिसरा दाखला आपल्या घरचा, म्हणजे दादासाहेब फाळके ह्यांचा. दादासाहेब तर यंत्रासाठीं आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्यें लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेऱ्याची खरेदी करून आले. ह्याहून मोठी यंत्राची हौस कोणती ! परंतु पुढें काय झालें पाहा. यंत्र घरीं आल्यावर त्यांनीं कुंडींत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा मांडला, आणि रोज एक एक चित्र घेत महिनाभराहून अधिक काळ त्या रोपाची वाढ टिपली. 'अंकुराची वाढ' ह्या त्या लहानशा चित्रपटानें पैसे पुरविणाऱ्यांचा विश्वास बसला, आणि १९१३ मध्यें 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. देशांतरीं जाऊन आणलेल्या यंत्रासमोर प्रथम घरच्या कुंडींतला वाटाणा आला, ह्यांत मला त्यांचें खरें मोठेपण दिसतें. यंत्र कितीहि मोलाचें असो, तें आल्या दिवसापासून समोर जें असेल त्यावर राबलें पाहिजे.

न राबणाऱ्या यंत्राचें काय होतें, हें मुंबई-कोंकणच्या पावसाळ्यांत विशेष कळतें. दमट हवेंत, अंधाऱ्या कपाटांत, चामड्याच्या पेटींत मिटून ठेवलेल्या भिंगावर बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे तिचे धागे कांचेवर पसरतात आणि वरचा नाजूक लेप खातात. म्हणून हवेंतील ओलावा ४० ते ५० टक्क्यांवर राखणारीं खास कपाटेंहि आतां मिळूं लागलीं आहेत. त्याहून साधा उपाय असा कीं भिंग वरचेवर बाहेर काढावें, त्यास उजेड आणि वारा लागूं द्यावा. म्हणजेच तें वापरावें.

माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांकडे असें खास कपाट होतें आणि त्यांत मोलाचीं भिंगें ओळीनें मांडलेलीं होतीं. त्यांचे वडील बरींच वर्षें त्याच घरांत, त्याच खोलींत, खुर्चीवर बसून असत. वडील वारले तेव्हां वर्तमानपत्रांत देण्यासाठीं आणि भिंतीवर लावण्यासाठीं चित्र शोधूं लागले, तर अलीकडचें असें एकहि सांपडेना. अखेर ओळखपत्रावरचें तिकिटाएवढें चित्र मोठें करून घेतलें. तें आज तेथें लागलें आहे. त्यांत वडिलांचे डोळे मिटल्यासारखे दिसतात. ते गृहस्थ मुलगा म्हणून कोठेंहि उणे नव्हते; वडिलांची सेवा त्यांनीं मनोभावें केली. फक्त चित्र काढण्याची वेळ पुढच्या भिंगापर्यंत लांबत गेली. श्रोतेहो, वस्तु उद्यां मिळते, परवांहि मिळते, आणि बहुधा स्वस्त होऊन मिळते. माणसाच्या चेहऱ्याचें तसें नाहीं.

आतां उपाय सांगतों; ते घरच्या घरीं करण्यासारखे आहेत. पहिला : एक वर्षभर एकच कॅमेरा आणि एकच भिंग वापरावें; मोबाइल असेल तर मोबाइलच. त्यामुळें कॅमेरा डोळ्याला लावण्यापूर्वींच चित्राची चौकट दिसूं लागते. दुसरा : एका दिवशीं बारांहून अधिक चित्रें घेऊं नयेत. हा आंकडा मीं मनानें काढलेला नाहीं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या, आणि पुढें वृत्तछायाचित्रकार म्हणून देशभर नांवाजलेल्या होमाई व्यारावाला ज्या रोलिफ्लेक्स कॅमेऱ्यानें काम करीत, त्यांतील एका फिल्मवर बाराच चौरस चित्रें येत. बाराच आहेत म्हटल्यावर माणूस आधीं पाहतो आणि मग बटन दाबतो. तिसरा : दर महिन्याच्या अखेरीस त्या महिन्यांतील एक चित्र, एकच, निवडून कागदावर छापून घ्यावें. निवडण्याइतकें उत्तम शिक्षण दुसरें नाहीं, कारण बाकीचीं कां टाकलीं हें स्वतःलाच सांगावें लागतें. छापलेल्या चित्राच्या पाठीमागें मऊ पेन्सिलीनें नांव, स्थळ आणि तारीख लिहावी. चौथा : नव्या वस्तूची इच्छा झाली तर ती वहींत टिपून तीन महिने थांबावें. तेवढ्या अवधींत तिच्या अभावीं फसलेलीं दहा चित्रें त्याच पानाला जोडतां आलीं, तर ती वस्तु घ्यावी. पुष्कळ पानें कोरींच राहतील, आणि वांचलेल्या पैशांत प्रवास होईल किंवा वर्षभराचीं चित्रें छापून निघतील.

येत्या रविवारीं सकाळीं, ऊन फार वर येण्यापूर्वीं, घरांतील सर्वांत वडील माणसाला खिडकीजवळच्या खुर्चींत बसवावें. त्यांना त्यांच्या लहानपणची एखादी गोष्ट विचारावी आणि ती पुरी ऐकून घ्यावी. गोष्ट रंगांत आली म्हणजे, दोन मीटर अंतरावर, कोंपरें अंगाशीं टेंकून, घरांत जें साधन असेल त्यानें तीनचार चित्रें घ्यावीं. त्यांतील एक आठवड्याच्या आंत छापून त्यांच्याच हातीं द्यावें. बहुतेक वडील माणसें प्रथम म्हणतील, "माझें कशाला काढलेंस ?" आणि मग चष्मा लावून तें बराच वेळ पाहत बसतील.